टोपीचा पूर्वपक्ष

४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातलं 'विशेष' आपण दर पत्रात लिहितो आणि पुढे हवापाण्याबद्दल लिहितो. या वेळी खरंच काही विशेष आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

माझ्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत डाग आला होता. बरेच दिवस मी तो धूळ समजून पुसत होते. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तो काढला आणि तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. पण ही पहिली सूचना समजा, पुढच्या वेळी मी अशीच हसून बोलेन याची खात्री देत नाही, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं की उन्हात डोक्यावर काय असतं. मी म्हटलं, पुढे चोच असलेली टोपी. म्हणजे नाक सावलीत आणि कान उन्हात, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की आमच्याकडे मोठी छत्रीसुद्धा असते. त्यांचा चेहरा जरा उजळला. छत्री कुणाच्या डोक्यावर असते, असं त्यांनी विचारलं. यंत्राच्या, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दादा, बाहेरच्या माणसाला हे पटवणं कठीण आहे. मोजणीचं यंत्र तिपाईवर उभं असतं. त्याला एका बाजूनं ऊन लागलं की पातळी दाखवणारा बुडबुडा सरकतो आणि माप चुकतं. म्हणून नोकरीला लागल्यापासून यंत्र सावलीत आणि मी शेजारी उन्हात. छत्री धरायला आमचे छत्रीमामा आहेत. एकदा त्यांना म्हटलं, मामा, जरा माझ्याकडेही झुकवा. ते म्हणाले, बाई, तुमचा बुडबुडा कुठे आहे.

हे सगळं साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी सरळ सांगितलं की एप्रिल संपायच्या आत डॉक्टरीणबाईंनी डोकं, कान, मान नीट झाकलेली पाहून तसं लिहून दिलं तर मैदान, नाहीतर नकाशाखोली. मला नकाशाखोलीत जायचं नाही. हे वाक्य एकदाच लिहिते, दुसऱ्यांदा लिहिलं तर विनवणी होईल.

बाकीचे उपाय करून झाले. गवताची टोपी घेतली होती, ती वाऱ्यानं पलीकडच्या शेतात गेली आणि मी पोचेपर्यंत बकरीनं तिची कड संपवली होती. रुमाल बांधला तर लांब पट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची हाक ऐकू येत नाही. आता तुझ्या शहरातल्या एका दुकानात एक टोपी आहे. चारी बाजूंनी सारखीच रुंद कड, कान आणि मान झाकणारी, हनुवटीखाली दोरी. किंमत लिहीत नाही. माझ्या खोलीचं भाडं आठव आणि बसल्या जागीच राहा.

म्हणून बाबांच्या नियमानं जाऊ. महाग वस्तू ज्याला हवी त्यानंच पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे ती का घेऊ नये ते सांगायचं; आणि ज्याला नको त्यानं ती का घ्यावी ते सांगायचं. शिवाय सगळं लेखी, कारण फोनवर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. (तो तूच आहेस.) आईला फ्रिज हवा होता, म्हणून ती फ्रिजच्या विरोधात बोलली, आणि इतकं सुरेख बोलली की फ्रिज कित्येक वर्षं आला नाही, हे माझ्या लक्षात आहे. तरी नियम तो नियम.

तर माझा पूर्वपक्ष. एक, टोपी महाग आहे. दोन, तळावरचे लोक हसतील; ती घातल्यावर माणूस दिव्यासारखा दिसतो, म्हणजे दिव्याच्या झाकणासारखा. तीन, आणि हे खरं दुखणं: यंत्राच्या भिंगाला डोळा लावायला वाकलं की पुढची कड यंत्राला धडकणार, यंत्र हलणार, आणि सगळी मांडणी पुन्हा. दर वेळी काढायची म्हटली तर ती डोक्यावर कमी आणि हातात जास्त राहील.

आता तुझी पाळी. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, कानाकडे बघून वाढवू नकोस.

तुझी,
मोजपट्टी

---

१२ मार्च

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद, पैकी एक स्वतंत्रपणे डाव्या कानास.

पत्र पोचले. सांगितल्याप्रमाणे चहा घेऊन बसलो आणि तो तसाच गार झाला. यापुढे कानाच्या बातम्या चहाच्या आधी द्याव्यात.

प्रथम माझी भूमिका. तू नकाशाखोलीत जावेस, पंख्याखाली बसावेस, आणि उन्हाशी तुझा संबंध खिडकीपुरता उरावा, असे मला मनापासून वाटते. त्यामुळे ही टोपी का घ्यावी हे मला सांगावे लागणार. बाबांनी आपल्याला वळण लावले की छळले, हा वाद निवृत्तीनंतर घालू.

काल दुकानात गेलो. तेथील विक्रेते टोपीविषयी जे बोलतात ते आमच्या कोशकार्यालयात वेदांविषयीही कोणी बोलत नाही. ही टोपी पाण्यावर तरंगते, असे त्यांनी सांगितले. ज्या परिस्थितीत टोपी तरंगते त्या परिस्थितीत मी कोठे असेन, हे विचारले. त्यावर त्यांनी विषय बदलला. आत, टाळूपाशी, एक छोटा खिसा आहे. जे विसरायचे नाही ते त्यात ठेवावे म्हणे. डोक्यात राहत नाही ते निदान डोक्यावर राहावे, हा विचार मला आवडला.

आपल्या घराण्याचे डोके मोठे आहे. (आतील मजकुराशी त्याचा संबंध जोडू नये.) त्या मापाची एकच टोपी शिल्लक होती, ती त्यांनी शिडी लावून काढली. महिनाभर वापरून पाहा, जशीच्या तशी असेल तर परत घेऊ, असे म्हणाले. ती मी घेऊन आलो आहे. विक्रेत्याचा शब्द हे शब्दप्रमाण नव्हे. येथे प्रत्यक्षच हवे. तुझे माझे माप एकच असल्याने परीक्षा माझ्या डोक्यावर होईल.

आता उत्तरपक्ष. किमतीचे म्हणशील तर घरमालकाला दर महिन्याला तेवढेच देतेस आणि खोली त्याचीच राहते. लोक हसण्याचे म्हणशील तर त्यांना हसू दे. दिवसभर पट्टी धरून उभ्या असलेल्या माणसांना दुसरी करमणूक ती काय. तिसरा आक्षेप मात्र बळकट आहे. त्याला तर्काने उत्तर देता येणार नाही. प्रयोग करून कळवतो.

आमच्याकडे कोशाचा 'छ' चालू आहे. छत्र झाले, सध्या छायेत आहोत. शिरस्त्राण 'श'मध्ये येईल, तोवर मी निवृत्त झालेलो असेन.

कळावे. लोभ आहेच, त्याची पावती नको.

तुझा,
दादा

---

२१ मार्च

प्रिय वन्संस,

वहिनीचे आशीर्वाद. कान कसा आहे ते मला वेगळं लिही. ह्यांना लिहिलंस तर त्याचा निबंध होतो.

टोपीच्या परीक्षेबद्दल तुला एकाच बाजूचं कळत असेल, म्हणून दुसरी बाजू कळवते. हे टोपी काढत नाहीत. पहिल्या दिवशी कार्यालयात घालून गेले, ते ठीक. मग भाजीला. मग गच्चीत वर्तमानपत्र वाचताना. परवा जेवायला बसले तेव्हाही डोक्यावर. विचारलं तर म्हणाले, ट्यूबलाइटखाली कड किती सावली देते ते बघतोय. बादलीत टाकून तरंगते का तेही पाहिलं. तरंगली. मला हाक मारून दाखवली. शेजारच्यांना हाक मारायच्या आत मी बादली उचलली.

टाळूजवळच्या खिशात त्यांनी किल्ली ठेवली आणि सगळ्या घरात शोधली.

येता-जाता आरशासमोर थांबतात आणि दोरी कधी घट्ट, कधी सैल करतात. मी बघते आहे असं दिसलं की हनुवटी खाजवतात. लग्नात मुंडावळ्यांनाही त्यांनी इतकं सांभाळलं नव्हतं.

मला एवढंच सांगायचंय की त्यांच्या निर्णयावर भरवसा ठेव, पण निर्णय कळवताना त्यांच्या डोक्यावर काय होतं तेही ध्यानात घे. माझ्या पडद्यांच्या ऑर्डरी जोरात आहेत, घरभर कापड पसरलंय, आणि त्यातून हे टोपी घालून वाट काढत फिरतात. माया कर, आणि लवकर ये.

तुझी,
वहिनी

---

३० मार्च

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद पूर्ववत, कानाचा वाढवून.

परीक्षा पूर्ण झाली. निर्णय लिहिताना मी डोके उघडे ठेवले आहे. याची साक्ष तुझी वहिनी देईल. तिने तुला काय लिहिले असेल याचा मला अंदाज आहे.

जुनी पाने वाचायला कार्यालयात एक मोठे भिंग आहे, लोखंडी हाताला बसवलेले. टोपी घालून त्याला डोळा लावला. कड हाताला धडकली, भिंग सरकले, आणि चालू ओळ हरवली. हळूच वाकून पाहिले. हळूच धडकली. मान तिरकी करून पाहिले. भिंग वाचले, पण ओळ तिरकी दिसू लागली आणि मला एक शब्द नवा सापडल्याचा भास झाला. ही आमच्या धंद्यात फार धोक्याची गोष्ट. टोपी उलटी घालून पाहिली. कड सगळीकडून सारखी असल्याने उलटी हा प्रकारच तिच्यात संभवत नाही.

तेव्हा तुझा तिसरा आक्षेप मला खोडता आला नाही. टोपी उत्तम आहे, चालण्यास, बसण्यास, विचार करण्यास. परंतु ज्या कामासाठी तुला हवी त्या कामाची ती नाही. पूर्वपक्ष सिद्ध. टोपी परत करावी.

परत करण्याची मुदत अजून आहे. ती पुरी होऊ देईन म्हणतो. उगाच दुकानदाराला आपल्याला घाई असल्यासारखे वाटायला नको.

नकाशाखोली एवढी वाईट नसते. मी गेली कित्येक वर्षे खोलीतच आहे आणि मला काहीही झालेले नाही. हे वाक्य तू कसे वाचशील ते मला कळते, तरी ठेवतो.

लोभात कपात नाही.

तुझा,
दादा

---

५ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू मान्य केलंस म्हणजे मी जिंकले, आणि मी जिंकले म्हणजे टोपी गेली. आईला फ्रिजच्या वेळी कसं वाटलं असेल ते आज कळलं. ती पदराला हात पुसत पुढच्या कामाला लागली होती. मलाही तेच जमलं पाहिजे.

काल नकाशाखोलीत जाऊन माझी जागा बघून आले. पंखा आहे, तू म्हणतोस तसा. खिडकीही आहे, पण तिच्यापुढे कपाट आहे, आणि कपाट हलवायचं तर त्याच्या पायांखालची फरशी निघते म्हणतात. खुर्ची गोल फिरते, पण फिरून बघण्यासारखं काही नाही. माझ्या खणात आधीच्या बाईंचं नेलकटर आणि अर्धी पेपरमिंटची पुडी राहिली आहे. तिथली माणसं भली आहेत. त्यांनी मला विचारलं की चहात साखर किती, आणि ते एका तक्त्यावर लिहून घेतलं. म्हणजे आता मी कायमची.

भिंतीवर आमच्या डोंगराचा नकाशा लावलाय. त्याची मोजणी मी केली होती. माथ्यापर्यंत यंत्र पाठीवर घेऊन गेले होते, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि वर पोचल्यावर छत्रीमामा कौतुकानं यंत्राला म्हणाले होते की दमलास का. नकाशावर तो सगळा रस्ता माझ्या नखाएवढा आहे. मी त्यावर बोट ठेवून बघितलं. कुणी बघत नव्हतं.

पण तू म्हणतोस ते खरं आहे, आणि तू ते टोपी डोक्यावरून काढून म्हटलंयस, त्याची किंमत मला कळते. महिनाअखेरीला बदलीचा कागद निघेल. टोपी परत देण्याआधी माझ्यातर्फे एकदा तिच्याकडे नीट बघ.

वहिनीला नमस्कार. लोभ खोलीत बसूनही करता येतो असं ऐकलंय.

तुझी,
मोजपट्टी

---

११ एप्रिल

प्रिय वन्संस,

सोबतचं पार्सल जपून उघड, आत टोपी आहे.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. नखाच्या ओळीपाशी आले आणि पुढचं मनात वाचायला लागले. मग टोपी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. मी म्हटलं, अहो, देऊन टाका ना तिला. तर म्हणाले, पूर्वपक्ष सिद्ध झालाय, आता नियमानं देता येत नाही. मी म्हटलं, मी तुमच्या बाबांची मुलगी नाही, सून आहे. बाबांनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण हा नियम मला लागू आहे असं कधी सांगितलं नाही. आणि कात्री घेतली.

पुढची कड दोन्ही बाजूंनी कापली, काठ दुमडून शिवले आणि मधल्या तुकड्याला टिचबटण लावलं. भिंगाला डोळा लावायचा की पुढचा तुकडा वर करून बटण दाबायचं. झालं की खाली. कान आणि मान दोन्ही वेळा झाकलेलीच राहतात. पडद्यांच्या कामात असले तुकडे मी रोज शिवते. इतके दिवस तुम्ही दोघं भावंडं कागदावर भांडत होतात आणि मला कुणी विचारलं नाही.

पहिला काप पडला तेव्हा ह्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर हळूच म्हणाले, म्हणजे आता दुकान परत घेणार नाही. मी म्हटलं, नाही. त्यावर ते एकदम हलके झाल्यासारखे दिसले. टोपीची किंमत आम्ही दिली आहे. त्यावर पत्र लिहू नकोस, नाहीतर पुन्हा पक्ष निघतील.

डॉक्टरीणबाईंना दाखव आणि काय म्हणाल्या ते कळव. माया आहे, कात्रीसकट.

तुझी,
वहिनी

---

२४ एप्रिल

ती. दादास आणि ती. वहिनीस,

दोघांना एकच नमस्कार, पण वहिनीला आधी पोचावा.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी उभं केलं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं, बटण लावून आणि काढून बघितलं, आणि लिहून दिलं. साहेबांनी तो कागद वाचून माझी बदली थांबवली. नकाशाखोलीच्या तक्त्यावरून माझी साखर खोडली गेली.

तळावर पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी एकानं कुठे मिळते म्हणून विचारलं. वहिनीचा तुकडा फार कामाचा आहे. वाकते, बटण दाबते, वाचते, सोडते. यंत्राला अजून एकदाही धक्का लागलेला नाही.

पण परवाची गोष्ट सांगायला हवी. दुपारी वावटळ उठली आणि छत्री उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या. यंत्र उन्हात. मी क्षणाचाही विचार न करता डोक्यावरची टोपी काढून यंत्रावर घातली. छत्रीमामांनी पुढे होऊन दोरीसुद्धा बांधली. यंत्राला हनुवटी नाही, तरी त्यांनी जिथे असावी तिथे ती बांधली. दोघं मागे सरून बघत उभे राहिलो. तिपाईवर टोपी फार रुबाबदार दिसत होती.

मग कान भाजायला लागला. तोच, डावा. वहिनीनं काप दिला तेव्हा, दादा, तू डोळे मिटलेस ते माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी पुढे गेले, दोरी सोडली, टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा यंत्र उन्हात आणि मी सावलीत. बुडबुडा सरकला. मी म्हटलं, सरकू दे. काम थांबवलं, आणि ऊन उतरल्यावर सगळी मापं पुन्हा घेतली. साहेबांनी उशीर का झाला ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी नवी छत्री दोन माणसांच्या मापाची मागवलीय.

परत येताना छत्रीमामांनी मोडकी छत्री काखेत मारली. म्हणाले, म्हणजे बाईंनाही बुडबुडा आहे तर.

लोभ पोचला. अगदी मापात बसला.

तुमची,
मोजपट्टी

---

२ मे

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. यंत्रासही कळवावेत, त्याचे दिवस कठीण आले आहेत.

पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचले आणि स्वतःविषयीच्या ओळी दोनदा वाचल्या. तू पंख्याखाली नाहीस याचे मला वाईट वाटेल असे मी धरून चाललो होतो. तसे काही वाटत नाही. कारण शोधतो आहे.

येथे 'छ' संपला. ऊन वाढले आहे. कार्यालयातून परत येताना डोक्याचा मध्यभाग, जेथे पूर्वी केस असत, तापतो. किल्ली खिशात ठेवतो आणि ती लगेच सापडते, त्यामुळे संध्याकाळ रिकामी वाटते. मागल्या आठवड्यात सहज त्या दुकानावरून गेलो. विक्रेत्यांनी मला लांबूनच ओळखले आणि शिडीकडे बघितले. आपल्या घराण्याच्या मापाची पुन्हा एक आली आहे.

यावर वाद व्हावा असे ठरवले आहे. वस्तू मला हवी आहे, म्हणून ती का घेऊ नये हे नियमाप्रमाणे मीच मांडायचे. गेले काही दिवस रोज जेवणानंतर त्यासाठी कागद घेऊन बसतो आहे. माझा संपूर्ण पूर्वपक्ष सोबत जोडला आहे. कागदाची दुसरी बाजूही पाहावी. तीही कोरीच आहे.

उत्तरपक्ष लवकर लिही आणि लांबवू नकोस. कात्री घेऊन मध्ये पडणार नाही, असे तुझ्या वहिनीने कबूल केले आहे.

तुझा, आणि सध्या उघड्या डोक्याचा,
दादा